घरझडती

तुरुंगाऐवजी घरातच शिक्षा भोगायची सवलत मिळाल्यापासून किसन पायात जीपीएसचा पट्टा घालून आखातात, गुदैबियातल्या फ्लॅटवर बसून होता. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला घराचा कानाकोपरा बघायचा अधिकार होता. आजही त्याने कपाट उघडलं, गाद्या उलटून पाहिल्या, किसनचा मोबाईल चाळला. मग किसनच्या बायकोकडे वळून अरबीत काहीतरी विचारलं.

"घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारतायत," किसन म्हणाला.

अंजना थेट अधिकाऱ्याकडे बघत म्हणाली, "साहेब, ह्यांना परत तुरुंगात न्या. रोज मारतात मला."

किसनने हसत हसत ते अरबीत सांगितलं. त्यातला 'चाय' एवढा एकच शब्द तिला कळला.

अधिकाऱ्याने छातीवर हात ठेवून अदबीने नको म्हटलं, आणि जाताना दार नीट ओढून घेतलं.