दाखवायचं घर

“अहो, त्या टॉवेलला हात नका पुसू!” डेकोरेटर बाई किंचाळल्या.

तिने ओले हात तसेच हवेत धरले. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या ओट्यापाशी. टॉवेल दुमडून, रिबीन बांधून टांगला होता. तो फक्त बघायचा होता. टोपलीतली सफरचंदं लाकडाची होती. टेबलावरच्या पावाला व्हार्निश मारलेलं होतं. पुस्तकांना पांढरे कागद चढवले होते, कारण रंगीबेरंगी पुस्तकं डोळ्यांत खुपतात म्हणे. तिचे तवे, कढया, पातेली वॉशिंग मशीनमध्ये कोंबली होती. गिऱ्हाईक सगळीकडे डोकावतं, पण मशीन उघडत नाही, असं बाईंचं म्हणणं.

घर विकायला काढलं होतं, आणि गिऱ्हाइकांना दाखवण्यापुरतं ते सजवायला या बाईंना बोलावलं होतं. नवऱ्याला लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्याची नोकरी मिळाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. “आपण जातोय,” असं त्याने तिला सांगितलं. विचारलं नाही. ती दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. “दात काय, तिथल्या लोकांनाही असतात,” असं म्हणून तो स्वतःच हसला होता. घर दोघांच्या नावावर होतं. तिने तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण तेव्हा ती उठून भांडी घासायला लागली होती.

आज मात्र तिच्या अंगाची लाही लाही होत होती, आणि ती त्या टॉवेलमुळे नव्हती.

खिडकीखाली फळी लागली होती. लग्न झाल्यापासून ती ही फळी मागत होती. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून घरी आलं की तिला स्वयंपाकघरात काहीतरी नवं करून बघायचं असायचं. उरल्यासुरल्यातून, कशात काहीही घालून. त्यासाठी जरा जागा हवी होती. सिंकवर दिवा हवा होता. ठिबकणारा नळ बंद हवा होता. भिंतीला हिरवट निळा रंग हवा होता. त्या रंगाचा एक ठिपका तिने फ्रिजशेजारी लावूनही ठेवला होता. नवरा प्रत्येक वेळी “बघू” म्हणायचा. त्या ‘बघू’त ठिपका वाळून, तेलकट होऊन गेला.

आणि आता आठवड्याभरात सगळं झालं होतं. फळी, दिवा, नळ. भिंतसुद्धा त्याच रंगाची. “हा ठिपका कुणी लावला होता? काय सुंदर शेड आहे!” असं म्हणत बाईंनी तोच उचलला होता.

“ही फळी मी किती वर्षं मागत होते?” तिने नवऱ्याला विचारलं.

तो आरशात बघून कॉलर ठीक करत होता. “आता झाली ना? मग कशाला उकरून काढतेस?”

“कुणासाठी झाली?”

“अगं, घर विकायचं म्हटलं की करावंच लागतं.” आणि तो गिऱ्हाइकांना घ्यायला खाली गेला.

बाईंनी तिच्या हातात दालचिनीची पुडी ठेवली. “ही पाण्यात उकळत ठेवा. घराला घरपण येतं. खरं काही शिजवू नका हं. कांदा-लसूण तर नावालाही नको. कांद्याच्या वासाने ठरलेले सौदे मोडलेले मी पाहिलेत.”

तिने बाईंकडे पाहिलं. मग सरळ जाऊन वॉशिंग मशीन उघडली आणि खडखडाट करत सगळ्यात मोठी कढई बाहेर ओढली.

“मॅडम, हे काय करताय?”

“स्वयंपाक.”

चांगले चार कांदे चिरले. सुरी पाटावर आपटत होती. लसूण मुठीने ठेचला. तेलात टाकल्यावर असा काही चर्र आवाज झाला की बाई दोन पावलं मागे सरकल्या. कांदा पार जाळायचा, घरभर धूर करायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण हात ऐकेनात. कांदा तांबूस होताच बोटांनी आपोआप आच मंद केली. टोमॅटो पडले. कालचा शिळा पाव कुस्करून पडला. वरून अंडी फोडली गेली, लिंबाची साल किसली गेली. रागाने तिचे कान तापले होते, आणि कढईतलं काही केल्या बिघडत नव्हतं.

दार उघडलं. नवऱ्यामागे एक वयस्क जोडपं आत आलं. नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. “माफ करा, हा वास जाईल,” तो घाईघाईने म्हणाला आणि खिडकीकडे धावला.

“कशाला जाईल? राहू दे की,” म्हातारे गृहस्थ म्हणाले. त्यांनी वास घेत घेत थेट कढई गाठली. त्यांच्या बायकोने खुर्ची ओढली. “किती घरं पाहिली बाई आम्ही. सगळीकडे मेली तीच दालचिनी. इथे कुणीतरी राहतंय असं वाटलं तरी.”

बशा निघाल्या. दोघांनी पोटभर खाल्लं. खाता खाता एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली.

“घर आम्ही घेतलं,” गृहस्थ म्हणाले.

डेकोरेटर बाईंनी ओट्यावरची दालचिनीची पुडी गुपचूप पर्समध्ये टाकली. नवरा फुलून आला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “हिलाच सुचतं असं काही! आणि तिथे गेल्यावर हिला आणखी मोठं किचन मिळणार आहे. काय गं?”

म्हातारीने मात्र तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. “रिकामं कधी करताय, बाळा?”

नवऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिने त्याचा हात खांद्यावरून काढून बाजूला ठेवला.

“हे सोमवारी जातायत,” ती म्हणाली. “मी नाही.”