उजवा गुडघा

“दादाच्या मोबाईलवर नंबर गेलाय, वहिनी. तो टाकल्याबिगर डॉक्टरीणबाई पडद्यावर येत न्हाईत.” गोरक्षने आरोग्य उपकेंद्रातल्या टेबलावर फोन ठेवला आणि स्पीकर चालू केला.

चांगुणाने पदर आवळून घेतला. दार सताड उघडं होतं. लावलं की रेंज जायची. दारापासून पार ओट्यापर्यंत माणसं बसली होती.

“कसला नंबर?” ऊसतोडीला गेलेल्या तिच्या नवऱ्याचा, बजरंगचा आवाज आला. “हितं फडात हाय मी. तुला झालंय तरी काय?”

रांगेतली कुजबुज थांबली.

डाव्या छातीतली गाठ उन्हाळ्यात चिंचोक्याएवढी होती. दिवाळीला सुपारीएवढी झाली. आज सकाळी अंघोळीच्या वेळी चोळीला रक्ताचा डाग दिसला, तेव्हा ती हातातलं काम टाकून इथे आली होती. अजून कुणाजवळच बोलली नव्हती.

“गुडघा,” ती म्हणाली. “उजवा.”

“ऊस मी तोडायचा अन् गुडघा तुझा दुखायचा व्हय!”

सगळी रांग हसली. बजरंगने नंबर सांगितला. गोरक्षने तो टाकला आणि त्याच्याखाली तक्रार लिहिली.

याच खोलीत सरवरी सिस्टर होत्या तोवर बाई आत आली की दाराला कडी लागायची. पुरुष माणूस, मग तो सरपंच का असेना, ओट्यावर. “बोल गं,” एवढंच त्या म्हणायच्या. बाई बोललीच नाही तर हातानं शोधून काढायच्या. चांगुणाची तिन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. निवृत्त होऊन त्या लेकाकडे गेल्या, आणि त्यांच्या जागी हे पडद्याचं मशीन आलं. मशीन चालवायला गोरक्ष. तिचा चुलत दीर.

पडद्यावर एक तरुण डॉक्टरीण आली. चेहरा मायाळू होता.

“मावशी, गुडघा दुखतोय ना? जरा कॅमेऱ्यासमोर घ्या.”

चांगुणाने लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं. गोरक्ष भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे बघत राहिला. त्या धड गुडघ्याकडे डॉक्टरणीने निरखून पाहिलं, वाकवायला लावलं, सरळ करायला लावलं.

“सूज तर दिसत नाही. अजून काही त्रास? काही असलं तरी सांगा मावशी, लाजू नका.”

आता. चांगुणाचा हात पदराआड गेला. ती गोरक्षकडे बघू लागली. जरा बाहेर जा, एवढंच म्हणायचं होतं. पण दिराला बाहेर काढून वहिनी डॉक्टरला काय सांगते, याचा शोध ओट्यावर लगेच सुरू झाला असता, आणि संध्याकाळपर्यंत तो फडात पोचला असता.

“वहिनी, बाई इचारत्यात. बोला की,” गोरक्ष म्हणाला. “आवाज बारीक येतो, जरा मोठ्यानं बोला.”

हात पदराबाहेर आला.

“न्हाई,” ती मोठ्यानं म्हणाली. “बाकी समदं बरं हाय.”

डॉक्टरीण हसली. “छान. मलम देते. रोज दोन वेळा, हलक्या हातानं चोळा.” पडदा काळा झाला. गोरक्षने कपाटातून नळी काढून दिली आणि पुढच्याला हाक मारली.

घरी आल्यावर चांगुणाने दाराला आतून कडी घातली. चोळीच्या गाठी सोडल्या. नळी दाबून बोटभर मलम काढलं आणि डाव्या छातीवर लावलं. भाजल्यासारखी आग झाली. तिने दात आवळले आणि बाईंनी सांगितलं होतं तसं, हलक्या हातानं, चोळत राहिली.