हसण्याची जागा

वर्ग खदखदून हसला आणि त्यांचं बघून कल्याणही हसला. फळ्यावर लिहिणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम वळल्या तेव्हा बाकीचे सगळे गप्प झाले होते. कल्याण एकटाच हसत होता.

हसण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. कल्याणला ऐकू येत नाही, तरी सगळे हसले की तोही हसतो, हे पोरांनी हेरलं होतं. म्हणून मागच्या बाकावरच्या भागवतने ठरवून हशा पिकवला होता. असल्या गमतीला काही फार डोकं लागत नाही. कल्याणला मात्र ती जिव्हारी लागली. त्या दिवसापासून त्याने वर्गात हसणं सोडलं.

वाटूरहून तो बसने परतूरच्या कॉलेजात यायचा आणि पहिल्या बाकावर बसायचा. ओठ वाचून त्याला बरंच समजायचं, पण शिकवणाऱ्याने फळ्याकडे तोंड केलं की सगळं संपलं. म्हणून यंदा मॅडम त्याला उद्याच्या तासाच्या नोट्स आदल्या दिवशीच मोबाइलवर पाठवू लागल्या. तो त्या वाचून यायचा. अर्थशास्त्रात आता तो सगळ्यांच्या पुढे होता. मॅडमना वाटलं, चला, पोराची अडचण मिटली. पण भरल्या वर्गात तो एकटाच होता. त्याचं उतरलेलं तोंड बघवेना, तेव्हा त्यांनी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"नोट्स बराबर मिळतात ना? काही राहून जातंय का?"

कल्याण सहसा बोलत नसे. त्याचे उच्चार जड होते आणि त्यांची त्याला लाज वाटायची. आज तो बोलला.

"मॅडम, नोट्समदी सगळं हाय. पण तुम्ही पोरान्ला हसवता, ते न्हाई."

इतके दिवस आपल्याला हे सुचलं नाही, म्हणून मॅडमना स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी नोट्स आल्या. धडा पूरक वस्तूंचा होता, म्हणजे एकीवाचून दुसरीचा उपयोग नाही अशा वस्तूंचा. व्याख्येखाली मॅडमनी लिहिलं होतं: 'इथे मी विनोद सांगणार आहे. आमच्या ह्यांना चष्मा शोधायलासुद्धा चष्मा लागतो. म्हणून तर त्यांनी माझ्याशी लग्न केलं.'

दुसऱ्या दिवशी कल्याण हसायच्या तयारीनेच आला. आज कुणाकडे बघून हसायचं नव्हतं. मॅडमनी व्याख्या सांगितली. पेन आणि शाई झाली, गाडी आणि पेट्रोल झालं. त्याच्या घशाशी हसू येऊन बसलं.

"आता आमच्या घरचंच बघा..." मॅडम म्हणाल्या.

कल्याणला राहवलं नाही. तो फिस्सकन हसला आणि हसतच सुटला. मॅडमचं वाक्य अर्धं राहिलं. त्याने आजूबाजूला पाहिलं, तर दुसरं कुणीच हसत नव्हतं. त्याची कानशिलं तापली. आजही आपलीच फजिती झाली, असं वाटून त्याने मान खाली घातली.

कुणीतरी त्याच्या दंडाला हात लावला. भागवत होता. मागून उठून तो पुढे आला होता आणि कल्याणला ओठ दिसतील असा समोर उभा होता.

"काय झालं रे? आम्हालाबी सांग की!"

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याला खरंच कळलं नव्हतं. कल्याणने मॅडमकडे पाहिलं.

मॅडमनी खडू टेबलावर ठेवला आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. "सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "आज तूच सांग."

कल्याण उठला आणि वर्गाकडे तोंड करून उभा राहिला. "मॅडमच्या मिस्टरला," त्याने जड जिभेने सुरुवात केली, "चष्मा हुडकायलाबी चष्मा लागतो..."

कधी हसायचं ते कळावं म्हणून सगळा वर्ग त्याच्या तोंडाकडे बघत होता.