शेवटचा नंबर माणसांचा

नव्या देवराईच्या दाराशी कळशी ठेवून शेवंता नंबराची वाट पाहत होती. कडेवर तापाने मलूल झालेली तान्ही मुलगी होती. दुष्काळात पाणी उरलं होतं ते फक्त राईच्या झऱ्याला.

"आता कोण पितंय, दत्तूकाका?" तिने राईच्या गुरवांना विचारलं.

"खवलेमांजरं. मग माणसं, उरलं तर."

धरणात बुडालेल्या गावासाठी हे नवं गाव आखताना तज्ज्ञांनी जुन्या रीती विचारल्या होत्या. लोकांनी कौतुकाने सांगितलं, राईचं पाणी आधी पाखरांना, मग जनावरांना, शेवटी माणसांना. आणि राईतलं वाळकं पानही बाहेर न्यायचं नाही. पाळत कुणीच नव्हतं, पण पाहुण्यांना असंच सांगायचं असतं. तज्ज्ञांनी ते राईचं दार आणि नळ चालवणाऱ्या यंत्रात घातलं. यंत्र पाळू लागलं.

"हिला जनावरांत धरा ना, काका. बोलता कुठे येतंय अजून?"

दत्तूकाकांनी इकडेतिकडे पाहून यंत्राला तसं सांगितलं. दार उघडलं, झऱ्याच्या नळाला धार आली. पोर आईच्या ओंजळीतून पोटभर प्यायली आणि चक्क हसली.

परतताना मात्र दार उघडेना. शेवंताने मुलीला खाली ठेवलं, तसं उघडलं. उचललं, तसं मिटलं.

"काका, हिला पुन्हा माणसांत घ्या."

"कधीचा सांगतोय गं. राईतलं बाहेर सोडत नाही म्हणतंय."

शेवंताने दाराकडे पाठ केली. मग मुलीला मांडीवर घेऊन खाली बसली.

"मग मलाही जनावरांत धरा."

दत्तूकाकांनी धरलं. नळाला पुन्हा धार आली.