एकाच वर्गात

फॉर्म सोमवारी द्यायचे होते, म्हणून रविवारी दुपारी नागेंद्रने दोन्ही पोरांना सोप्यात भिंतीला लावून उभं केलं. युवराजला पाच वर्षं पुरी व्हायला दोन महिने होते, शामूला चार पुरी व्हायला एक. दोघं एकदमच एलकेजीला जाणार, एकाच वर्गात बसणार, हे नागेंद्रने ठरवून टाकलं होतं. बेळगावच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, धाकट्याचा महिना कमी पडतोय ते चालवून घेऊ, पण मुलाखतीत दोघंही बोलले पाहिजेत.

त्याच्या बायकोला, मंगललाही, ते पटलं होतं. सांबऱ्याहून शाळेची व्हॅन एकदाच येणार, डबे एकदाच भरायचे. उंबऱ्याशी बसून ती दोघांचे फॉर्म भरत होती. कोपऱ्यातल्या खाटेवरून तिचे सासरे, भावकूआप्पा, नातवंडांकडे कौतुकाने बघत होते.

नागेंद्रने चित्रांचं पुस्तक उघडलं. "हे काय?"

"एलिफंट!" शामू ओरडला.

"आता तू. हे काय?"

"हत्ती," युवराज म्हणाला.

"इंग्लिशमधी सांग."

युवराज चित्राकडे बघत राहिला. नागेंद्रने पान उलटलं. शामूने तेही सांगितलं, पुढचंही सांगितलं. युवराजच्या तोंडातून आता मराठीही येईना.

"लाज वाटत न्हाय? बारका भाऊ हाय तुझा," नागेंद्र म्हणाला. मग शामूकडे वळला. "शामू, दादाच्या गालावर एक ठेवून दे."

शामू हसला. त्याला तो खेळ वाटला. त्याने हात लावल्यासारखं केलं.

"जोरात!"

शामूने मारलं. युवराज रडला नाही. तो बापाच्या तोंडाकडे बघत होता, आपण हसायचं की काय करायचं ते कळत नसल्यासारखा.

"आवो, पुरं करा," मंगल म्हणाली.

"तू लिही गं. ह्यानंच शिकत्यात पोरं. अजून एक, शामू."

शामूला आता चव लागली होती. त्याने दोन पावलं मागे जाऊन धावत येऊन मारलं. खाटेवरून आप्पा खुदकन हसले. "बारकं लई तयार हाय," ते म्हणाले.

त्याच वेळी थोरला परशराम वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन दारातून आत आला. आप्पांचा हा थोरला पोरगा, नागेंद्रहून वर्षाने मोठा. तो जागीच थांबला. त्याने भारा खाली उतरवला नाही, मान झटकून पाडला. मंगलने मान वर करेपर्यंत त्याने नागेंद्रची गचांडी धरली होती.

"काय करालास रं? काय करालास?"

"अण्णा, सोड. पोरांचा अभ्यास घेतोय."

परशरामने त्याचं डोकं खांबावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. नागेंद्रने गुडघा मारला. दोघं खाली कोसळले, पाण्याची घागर कलंडली आणि त्या पाण्यात ते लोळू लागले. मंगल मध्ये पडली. कुणाचं तरी कोपर तिच्या ओठावर बसलं आणि तोंडात रक्ताची खारट चव आली. तिने पोरांना ओढून फडताळामागे लोटलं.

परशराम वर आला होता. तो नागेंद्रच्या छातीवर बसून मारत होता, उघड्या तळव्याने, एकाच गालावर.

"उत्तर कुणाला यायचं? तुला! आन् मारायचं कुणी? तू! मास्तर सांगायचा, मार. घरी आलं की आप्पा सांगायचं, मार. आन् तू मारायचास!"

"मी सात वर्षांचा होतो, अण्णा!"

"मी आठ वर्षांचा होतो!" त्याने नागेंद्रचा हात पकडला आणि स्वतःच्या डाव्या कानावर दाबून धरला. "हितं आजपण कायबी ऐकू येत न्हाय. तुझ्या हातनं गेलाय ह्यो कान. एकाच वर्गात घातलं म्हणून गेलाय."

नागेंद्रची धडपड थांबली. त्याच्या नाकातून रक्त कानाकडे ओघळत होतं. तो हात मागे घेत नव्हता.

आठ वर्षं मंगल ह्या घरात होती. भावजींशी बोलायचं तर उजव्या बाजूला जाऊन बोलायचं, हे सासूने तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

तिने ओल्या जमिनीवरून दोन्ही फॉर्म उचलले. शामूचा वेगळा काढला आणि आडवा, उभा, पुन्हा आडवा असा फाडला.

"युवराज ह्या वर्षी जाईल. शामू पुढच्या."

"मंगल, बाईंनी एकदम घेतो म्हटलंय," नागेंद्र पडल्यापडल्या म्हणाला.

"मी पाठवत न्हाय. आन् ह्या घरात एकाला दुसऱ्याकडनं मारायला लावलं, तर मी दोघांस्नी घेऊन हिंडलग्याला माहेरी जाईन. परत यायची न्हाय."

फडताळामागून शामू रडू लागला, त्यालाही शाळेला जायचं होतं. युवराजने त्याचा सदरा घट्ट धरून ठेवला होता.

"परशा," खाटेवरून आप्पा म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "हात आवर बाबा. घरात बायकापोरं हाईत."

परशराम भावाच्या छातीवरून उठला. तळवा लाल झाला होता. तो खाटेकडे वळला, नुसता वळला.

आप्पांनी दोन्ही हात उचलून तोंडापुढे धरले. गुडघे पोटाशी घेतले. उभ्या गावाला दम देणारा माणूस भिंतीला चिकटत चिकटत केवढासा झाला.

परशराम एक पाऊल मागे सरला.

"हात खाली घ्या, आप्पा," तो म्हणाला. "कोण मारत न्हाय तुम्हांस्नी."

म्हाताऱ्याचे हात खाली येईनात.