पत्र्याचा डबा

कोळशाच्या खाणीत आमची जेवणाची वेळ एक पत्र्याचा डबा ठरवायचा. पंपाशेजारच्या भिंतीतून पाणी ठिबकायचं. माझ्या जोडीदारानं, कुळमेथेनं, त्याखाली तो ठेवला होता. डबा भरला की आम्ही दोघं जेवायला बसायचो. अकरा वर्षं असंच चाललं.

त्या दिवशी डबा रिकामा होता आणि भिंत कोरडी. कुळमेथे हसला. "बरं झालं ना बे, मातेनं ऐकलं!" पाळीच्या सरदारालाही, म्हणजे आमच्या मुकादमाला, दाखवलं. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, खूश झाला आणि खाणीच्या मातेपुढं फोडायला नारळ आणायला मला वर पाठवलं. नारळ घेऊन परतलो तेव्हा खाणीच्या तोंडाशी भोंगा वाजत होता. ते दोघं तिसऱ्या दिवशी सापडले.

चौकशीत साहेबांनी मला नीट समजावलं. वरच्या दगडाच्या भारानं भिंत दबत गेली, तिच्यातली भेग मिटली. पलीकडच्या बंद खाणीतल्या पाण्याला वाट उरली नाही. ते मागं तुंबत गेलं आणि शेवटी भिंतच फुटली.

"पाणी थांबलं तेव्हाच सगळ्यांनी वर यायला हवं होतं," साहेब म्हणाले.

मी "हो साहेब" म्हटलं.

आता घरातला नळ गळतो. सुनेनं दुरुस्तीला माणूस बोलावला, त्याला मी दारातूनच परत पाठवलं. नळाखाली एक डबा ठेवलाय. सून ताट वाढते, हाक मारते, ताट झाकून ठेवते.

डबा भरला की मी जेवतो.