ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली

"माझ्या हुकमाशिवाय या शहरात एक दिवा लागत नाही," असं चीफ इंजिनिअर रोज जेवताना सांगत. त्यावर बायको म्हणे, "मग न्हाणीघरातल्या बल्बला एकदा हुकूम द्या. महिना झाला."

त्यांची मुलगी त्यांच्याच सबस्टेशनमध्ये ज्युनिअर इंजिनिअर होती. तिला टॉवरवर चढणाऱ्या पथकात जायचं होतं आणि साहेब काही तिच्या अर्जावर सही करत नव्हते.

त्या दुपारी दुरुस्तीसाठी अर्ध्या शहराची वीज बंद होती. दुरुस्ती करणाऱ्याने स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि कुलूप त्यानेच काढायचं, हा नियम साहेबांनीच घालून दिलेला.

मुलगी आली. "साहेब, काम झालं. कुलूप काढायला जातेय, त्याआधी माझ्या अर्जाचं विचारू का?"

साहेब सर्वांदेखत कडाडले, "टॉवरवर चढणं पोरींचं काम नाही. आत्ताच्या आत्ता घरी जा."

"बरं, साहेब," म्हणून ती खरंच गेली.

अर्ध्या तासाने ऑपरेटर डोकं खाजवत आला. "साहेब, वीज सोडता येत नाही. स्विचला मॅडमचं कुलूप आहे."

"तोडा."

"तोडणाऱ्याची नोकरी जाईल, असं तुमच्याच सहीचं पत्रक भिंतीवर आहे."

साहेबांनी पत्रक दोनदा वाचलं. मग घरी फोन लावला.



"बाळा, किल्ली घेऊन लगेच ये. आणि येताना टेबलावरचं माझं पेन आण, तुझ्या अर्जावर सही करायचीय."